चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

गेल्या जुलै महिन्यांत इयत्ता आठवीच्या वर्गांत शास्त्राच्या तासास आम्हीं एक साधा प्रश्न विचारला : लहान मुलास जुलाब होऊं लागले तर प्रथम काय करावें? बहुतेक सर्व हात वर झाले व उत्तरही जवळजवळ एकमुखानें आलें, "जलसंजीवनी पाजावी." उत्तर अगदीं बरोबर होतें. आम्ही समाधानानें पुढील प्रश्नाकडे वळणार, तोंच मागील बांकावरील एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, पण आमच्या घरीं बाळाला जुलाब झाले कीं आजी त्याचें पाणी बंद करते. पाणी दिलें तर आणखी जुलाब होतात, म्हणते." वर्ग हंसला. आम्हांस हंसूं आलें नाहीं. आम्हीं प्रश्न फिरवून विचारला : घरांतील लहान भावंड मागच्या वेळीं असें आजारी पडलें, तेव्हां कोणाच्या घरीं खरोखर जलसंजीवनी दिली? या वेळीं वर झालेले हात एका हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे होते.

चाळीस मुलांस उत्तर येत होतें आणि पांच घरांत तें आचरणांत आलें होतें. मधल्या पस्तीस घरांचें काय, हा विचार त्या दिवसापासून आमच्या मनांतून जात नाहीं, आणि त्याच विचारानें हा लेख लिहावयास आम्ही बसलों आहों. विद्यार्थ्यांनीं तो वाचावाच. परंतु आमची खरी विनंति अशी आहे कीं, तो त्यांनीं घरीं मोठ्यानें वाचून दाखवावा.

विषय मोठा आहे. १९९० सालीं जगांत वयाचीं पांच वर्षें पुरीं होण्यापूर्वीं सुमारें सव्वा कोटी मुलें मरण पावलीं. २०२२ सालीं हा आंकडा एकोणपन्नास लक्षांवर आला. तो पन्नास लक्षांच्या खालीं गेल्याची ही पहिलीच वेळ. एका पिढीच्या अवधींत एवढी घट व्हावी हें यश लहान नव्हे, आणि जगाचें सर्वच वाईट चाललें आहे असें म्हणणारांनीं तें अवश्य लक्षांत घ्यावें. तथापि एकोणपन्नास लक्ष म्हणजे दररोज तेरा हजारांहून अधिक मुलें. त्यांतील जवळजवळ निम्मीं जन्मानंतर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात. उरलेल्यांना न्युमोनिया, अतिसार, हिंवताप हे रोग नेतात. यांतील एकही रोग असा नाहीं कीं ज्यावरील उपाय मनुष्यास ठाऊक नाहीं. त्याच २०२२ सालीं नायजर, नायजेरिया, चाड, सोमालिया या देशांत जन्मलेल्या हजार मुलांमागें शंभरांहून अधिक मुलें पांच वर्षांच्या आंत दगावत होतीं. जपानांत किंवा फिनलंडांत दोन अथवा तीन. फरक मुलांत नाहीं, पाळणा कोठें हालतो यांत आहे.

या सर्व रोगांविषयीं लिहूं गेल्यास मासिकाचा सबंध अंक पुरणार नाहीं. म्हणून आम्हीं एकच रोग निवडला आहे, तो म्हणजे जुलाब. १९८० च्या सुमारास या एका रोगानें जगांत दरवर्षीं चाळीस लाखांहून अधिक मुलें मरत, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. आज तीच संख्या चार लाखांच्या घरांत आहे. एवढी मोठी घट झाली, आणि तरीही चार लाख उरले. ही घट कशानें झाली व हे चार लाख कां उरले, या दोन प्रश्नांचें उत्तर आम्हांस तरी एकच दिसतें.

जुलाबानें मूल मरतें तें बहुधा सुकून मरतें. शरीरांतील पाणी व त्याबरोबर क्षार वाहून जातात. तोंड कोरडें पडतें, डोळे खोल जातात, तान्ह्या मुलाची टाळू आंत बसते, रडतांना अश्रू येत नाहींत, लघवी होत नाहीं. पोटाची कातडी चिमटींत धरून सोडली तर ती लगेच सपाट होत नाहीं. मग रडणें थांबतें, मूल गप्प पडून राहतें, आणि घरांतील माणसांस वाटतें कीं आतां त्याला जरा बरें वाटूं लागलें. याहून क्रूर गैरसमज दुसरा नसेल.

त्या मुलीच्या आजीस आम्ही दोष देत नाहीं. तिचा तर्क डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीवर उभा आहे. वरून ओतलें तें खालून गेलें, हें तिनें पाहिलेलें असतें. त्यांतील किती आंत राहिलें हें तिला दिसत नाहीं. शिवाय नुसतें पाणी आजारी आतड्यास पुरेसें शोषून घेतां येत नाहीं, एवढ्यापुरतें तिचें म्हणणें खरेंही आहे. परंतु आतड्याच्या भिंतींत एक असा दरवाजा आहे कीं, ज्यांतून साखर व मीठ हीं दोघें हातांत हात घालून आलीं तरच आंत घेतलीं जातात, आणि त्यांच्यामागून पाणी आपोआप आंत जातें. ही गोष्ट रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें १९६० सालीं मांडली. नवल असें कीं पटकीसारख्या भयंकर रोगांतही हा दरवाजा बंद होत नाहीं. ज्यानें तो निर्मिला त्याचे आभार आपण मानावेच. पण उघडण्याचें काम त्यानें आपल्याच हातीं सोंपविलें आहे.

या शोधाचा इतिहास आपल्या देशाशीं व शेजारच्या बंगालशीं निगडित आहे, हें विद्यार्थ्यांस क्वचितच ठाऊक असतें. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनीं पटकीच्या रोग्यांस मीठ-साखरेचें पाणी पाजून बरें केल्याचा वृत्तांत १९५३ सालींच विलायतेंतील 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केला होता. पण त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९६८ सालीं ढाका येथें नॅलिन व कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनीं तो उपाय काटेकोर प्रयोगानें सिद्ध केला. तरीही हें काम इस्पितळांत, जाणत्या डॉक्टरांच्या नजरेखालींच होण्यासारखें आहे, असें मोठमोठे लोक म्हणत राहिले. १९७१ सालीं बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामांत लक्षावधि निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्यें आले, आणि बनगांव येथील छावणींत पटकी शिरली. तेथें डॉ. दिलीप महालनवीस हे काम पाहत होते. इस्पितळाच्या जमिनीवर रोगी ओकारी व मलांत पडलेले, आणि शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलेलें. तेव्हां त्यांनीं साखर, मीठ व खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधविल्या, तें मिश्रण पाण्यांत कालवून पिंपांत भरलें, आणि पेले रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातीं दिले. आईनें मुलास पाजावें, भावानें भावास पाजावें. छावणींत पूर्वीं शंभर रोग्यांमागें सुमारें तीस दगावत. तें प्रमाण चारांच्याही खालीं आलें. डॉ. महालनवीस २०२२ सालीं वारले, आणि पुढल्या वर्षीं भारत सरकारनें त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण दिलें. आमच्या वर्गांत त्यांचें नांव एकाही मुलास ठाऊक नव्हतें. क्रिकेटच्या संघांतील अकराही नांवें ठाऊक होतीं, असो.

उपाय सांपडला, म्हणजे काम झालें असें नव्हे. तो कोट्यवधि स्वयंपाकघरांत कसा पोहोंचावा? या प्रश्नाचें जें उत्तर बांगला देशांतील ब्रॅक या संस्थेनें काढिलें, तें आम्हां शिक्षकांनीं तर पाठ करावें इतकें मोलाचें आहे. फजले हसन आबेद यांच्या या संस्थेनें १९८० पासून दहा वर्षें गांवोगांव स्त्री-शिक्षिका पाठविल्या. त्या घरोघर पायीं गेल्या, आणि त्यांनीं सव्वा कोटीच्या आसपास घरांतील आयांस हें पाणी करावयास शिकविलें. पाकिटें त्या काळीं खेड्यांत पुरविणें शक्य नव्हतें. म्हणून माप ठरलें तें घरांतील : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, आणि अर्धा शेर पाणी. शिक्षिकेनें पाणी करून दाखविण्यापेक्षां आईनें स्वतःच्या हातानें करावें, चुकावें, पुन्हां करावें, अशी रीत पडली, कारण नुसतें ऐकलेलें विसरतें व हातानें केलेलें राहतें.

पुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. कांहीं आठवड्यांनीं दुसरींच माणसें येऊन निवडक घरांत जात, आईस प्रश्न विचारीत, तिच्याकडून पाणी करवून घेत, आणि त्यांतील मिठाचें प्रमाण प्रयोगशाळेंत तपासलें जाई. आयांस जितकें आलें असेल तितकें शिक्षिकेस वेतन मिळे. किती घरांत गेली यावर नव्हे, किती बोलली यावर नव्हे. ऐकणारीस किती आलें यावर. आम्हां मंडळींचें वेतन या रीतीनें ठरूं लागलें, तर महिनाअखेरीस किती जण रिकाम्या खिशानें घरीं जातील, याचा हिशेब करण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

एवढें करूनही आरंभीं एक विलक्षण गोष्ट आढळून आली. आयांस सर्व पाठ होतें, पाणीही बिनचूक करतां येई, पण मूल आजारी पडलें म्हणजे तें करणाऱ्या थोड्याच. आमच्या आठवीच्या वर्गाचीच ही कथा! संस्थेनें कारणें शोधलीं. एक असें निघालें कीं घरांतील पुरुषांस कोणीं कांहींच सांगितलें नव्हतें, आणि त्यांच्या संमतीवांचून बायका नवें कांहीं करण्यास धजत नव्हत्या. मग बाजारांत, मशिदींत, शाळांत पुरुषांच्या सभा भरविल्या गेल्या. दुसरें कारण अधिक लाजिरवाणें होतें. शिकविणाऱ्यांपैकीं पुष्कळांचा स्वतःचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःस जुलाब झाले कीं त्या गोळ्या घेत.

येथें आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमचा धाकटा मुलगा आठ महिन्यांचा असतांना त्याला जुलाब सुरू झाले. "दांत येत आहेत, होणारच," असें म्हणून दोन दिवस आम्हीं दुर्लक्ष केलें. तिसऱ्या दिवशीं तो मलूल झाला, तेव्हां आम्ही एका दवाखान्यांतून बंद करण्याचें औषध घेऊन आलों, आणि त्याची आई पाणी पाजूं लागली तर आम्हींच तिला अडविलें. आम्ही पदवीधर, शास्त्र हा आमचा विषय, आणि वर्गांत तोच धडा आम्हीं नुकताच शिकविला होता. शेजारीं मिशनच्या इस्पितळांत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई राहत. त्या सायंकाळीं सहज डोकावल्या, बाळाच्या टाळूवरून हात फिरविला, आणि "मास्तर, हें असें शिकवितां होय तुम्ही?" एवढेंच बोलून त्यांनीं आमच्या हातीं वाटी-चमचा दिला. दर मिनिटास एक चमचा. ओकला तर दहा मिनिटें थांबून पुन्हां एक चमचा. मध्यरात्रीं आमचा हात अवघडला, पण त्या खुर्चीवरून हलल्या नाहींत. पहांटे बाळानें त्यांच्या पदरावर लघवी केली. तेव्हां त्या उठल्या व म्हणाल्या, "आतां झोपा." त्या ओल्या पदराचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं कळला, पुस्तकांत तो आम्हीं अनेकदां वाचला होता.

तेव्हां विद्वत्तेनें हें काम होत नाहीं, आणि पैशानेंही नाहीं, कारण पाकीट कांहीं रुपयांत मिळतें व सरकारी दवाखान्यांत, अंगणवाडींत किंवा आशाताईंकडे फुकटही मिळतें. भारत सरकारच्या २०१९ ते २०२१ च्या कुटुंब-पाहणींत असें आढळलें कीं, जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकीं सुमारें एकसष्टांसच जलसंजीवनी मिळाली. उरलेल्या एकोणचाळिसांत सुशिक्षितांचीं मुलें नव्हतीं, असें आमच्या अनुभवावरून तरी आम्हांस म्हणवत नाहीं. कर्नाटक व बिहार येथील खासगी वैद्यक करणारांविषयींचें एक संशोधन २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. जलसंजीवनी हाच उपाय, हें त्यांतील बहुतेकांस ठाऊक होतें. पण रोग्याच्या माणसांस तें आवडणार नाहीं, त्यांना 'खरें औषध' हवें असतें, अशा समजुतीनें ते तें लिहून देत नसत. आम्ही डॉक्टरांकडे जाऊन पाण्याची पुडी घेऊन परत यावयाचें म्हणजे आम्हांस फसविल्यासारखें वाटतें, आणि आम्हांस तसें वाटतें हें डॉक्टरांस ठाऊक असतें. पालकहो, यावर उपाय सोपा आहे : आपणच तोंडानें मागावें. त्याच संशोधनांत असें दिसलें कीं, मागणारास तें पुष्कळ अधिक वेळां मिळतें.

आतां कृतीविषयीं, कारण ती चुकली तर उपायाचा अपाय होतो. मोठें पाकीट पुऱ्या एक लिटर उकळून निवविलेल्या किंवा अन्य स्वच्छ पाण्यांत एकाच वेळीं सबंध घालावें; अर्धें पाकीट अर्ध्या पाण्यांत, असा अंदाज करूं नये. लहान पाकिटें कमी पाण्याचीं असतात, तेव्हां वर छापलेलें वाचावें. केलेलें पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यावें. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, मोठ्यास त्याच्या दुप्पट. पाकीट जवळ नसेल तर एक लिटर पाण्यांत साखरेचे सहा सपाट लहान चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा. मीठ अधिक पडणें धोक्याचें आहे. चव घेऊन पाहावी, ती अश्रूंहून खारट नसावी. आईचें दूध बंद करूं नये, आणि मोठ्या मुलाचें जेवणही नाहीं. पेज, वरणाचें पाणी, मऊ भात चालूं द्यावा. त्यासोबत जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस द्याव्यात, असें जागतिक आरोग्य संघटना २००४ पासून सांगत आली आहे. दुकानांतील रंगीत गोड पेयें हीं जलसंजीवनी नव्हत. अतिगोडानें जुलाब वाढतात. मलांत रक्त असेल, मूल पिऊं शकत नसेल, सारखें ओकत असेल, गुंगींत असेल, तर घरीं बसूं नये; इस्पितळाची वाट धरावी, आणि वाटेंतही चमचा चालूं ठेवावा.

कोणी म्हणतील, नळाला शुद्ध पाणी नाहीं, शौचकूप नाहीं, मुलाच्या पोटांत पुरेसें अन्न नाहीं, आणि तुम्ही चमच्याच्या गोष्टी सांगतां. आक्षेप खरा आहे. हीं सर्व झालींच पाहिजेत. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून सरकारी लसीकरणांत येऊं लागली आहे, तीही प्रत्येक बाळास मिळालीच पाहिजे. पण नळ येईपर्यंत मूल थांबत नाहीं. बांगला देशांत १९९० सालीं हजारांत जवळजवळ दीडशें मुलें पांच वर्षांच्या आंत जात. आज तें प्रमाण तिसांच्या आसपास आहे. तो देश काय त्या आधीं श्रीमंत झाला?

दूर कशाला, आपल्या नगर जिल्ह्यांत, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, जामखेड आहे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० सालीं तेथें गेलें. त्या सुमारास तेथें हजार जन्मांमागें १७६ अर्भकें वर्षाच्या आंत मरत. आरोळ्यांनीं खेड्यांतील बायका निवडून शिकविल्या. त्यांतील कित्येक निरक्षर, कित्येक अस्पृश्य मानलेल्या जातींच्या. वीस-पंचवीस वर्षांत तें प्रमाण तिसांच्या खालीं आलें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांत आरोग्यदूत स्त्रियांकडून नवजात बाळांची घरींच शुश्रूषा करविली आणि नवजातांचे मृत्यु शेंकडा ६२ नें घटले. १९९९ सालीं तें जगापुढें आलें, व २०११ पासून भारत सरकारनें आशाताईंच्या द्वारें तीच रीत देशभर सुरू केली. आमच्या समाजास आरोळ्यांचा अभिमान वाटतो व तो रास्त आहे. मात्र अभिमानाच्या भाषणांत त्यांचा फोटो झळकतो आणि घरांत पाण्याचा पेला रिकामाच राहतो, हें बरें नव्हे.

एक गोष्ट आम्ही भीत भीतच लिहितों. बाळ गेलें म्हणजे आमचे शेजारी म्हणतात, सटवाईनें कपाळीं तेवढेंच लिहिलें होतें. त्यावर आम्ही ख्रिस्ती लोक मनांत हंसतों, आणि आपल्या कबरस्थानांतील लहानशा मातीच्या ढिगाशेजारीं उभे राहून, देवाची इच्छा, असें म्हणतों. दुःखी आईबापांच्या तोंडीं तें शोभतें. त्यांचा तो आधार आहे. पण जें पाणी आम्हीं पाजलें नाहीं, त्याचा दोष देवाच्या इच्छेवर ठेवण्याचा अधिकार आम्हां जाणत्यांस कोणीं दिला? ज्या प्रभूनें लेंकरांस जवळ घेतलें, त्याची इच्छा काय होती याविषयीं आम्हांस तरी संशय नाहीं.

आतां आमची योजना. मे महिन्याच्या सुटींत इयत्ता सातवीपासून पुढील प्रत्येक विद्यार्थ्यानें घरांतील मोठ्या माणसांकडून हें पाणी एकदां करवून घ्यावें. आईकडून, आजीकडून, आणि वडील घरीं असतील तर त्यांच्याकडूनही. आपण करून दाखवूं नये; त्यांस करूं द्यावें. जून महिन्यांत शाळा सुरू झाली म्हणजे प्रत्येक वर्गांतील दहा नांवें चिठ्ठ्या टाकून काढूं, आणि त्या घरीं आम्ही शिक्षक दोघे दोघे मिळून जाऊं. परीक्षा पालकांची नव्हे, विद्यार्थ्यांचीही नव्हे. गुण आम्हांस मिळावयाचे आहेत, आणि ते जसे मिळतील तसे पुढील वर्षींच्या अंकांत छापले जातील. आम्ही आलों असतां चहाची खटपट करूं नये. एक लिटर पाणी, एक पाकीट, एक पेला व एक चमचा एवढें पुढें ठेवावें, आणि घरांत आजी असेल तर तिला अवश्य बोलवावें.